खारकीवच्या काकूंनी नुकसानीचा अर्ज भरलाय, त्याचं पुढे काही होतं का?

द्राक्षबाग_निफाड

माझी मुलगी युक्रेनमध्ये खारकीवला एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला होती. २४ फेब्रुवारी २०२२ ला, रशियाने हल्ला केला त्या दिवशी, सकाळी नऊच्या सुमारास तिचा फोन आला. बागेत एक्सपोर्टच्या मालाची काढणी चालू होती, बायका कात्र्या घेऊन वेलीखाली होत्या, आणि फोनमध्ये मला दणके ऐकू येत होते. पुढचे सहा दिवस ती मेट्रो स्टेशनात फरशीवर झोपली. २ मार्चला दूतावासाचा निरोप आला की संध्याकाळी सहाच्या आत खारकीव सोडा, गाडी नसेल तर पायी निघा. पोरं शहराबाहेरच्या पिसोचिन गावापर्यंत चालत गेली. ती घरी पोचली तेव्हा तिच्या पायाची नखं काळी पडली होती.

पण मला विचारायचंय ते तिच्या घरमालकीणबाईंबद्दल. सल्तिव्का भागात ती त्यांच्याकडे भाड्याने राहायची. आम्ही त्यांना काकूच म्हणतो. पोरीला ताप आला की चहात रास्पबेरीचा मुरंबा घालून पाजायच्या आणि मला फोटो पाठवायच्या, म्हणजे मी काळजी करू नये. मार्चमध्ये त्यांच्या इमारतीवर मारा झाला. त्यांनी पाठवलेल्या फोटोत शेगडीवर किटली जशीच्या तशी आहे आणि तिच्यामागची भिंत नाही. थेट आभाळ दिसतं.

२०२४ च्या एप्रिलपासून नुकसानीचे अर्ज घ्यायला लागले, तेव्हा काकूंनी मोबाईलवरून अर्ज भरला. हेगमध्ये नोंद होते म्हणे. मुलगी विचारते, "पप्पा, हे पैसे देणार कोण?" मला उत्तर देता आलं नाही. १४१ देशांनी रशियाच्या विरोधात मत दिलं हे मी वाचलंय. त्या मतांचं काय झालं? कोणी नीट समजावून सांगेल का?

वकिली_कॉलेजरोड

दादा, क्रमाने सांगते. २५ फेब्रुवारीला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत रशियाविरुद्ध ठराव आला. ११ मतं बाजूने पडली. भारत, चीन आणि संयुक्त अरब अमिराती तटस्थ राहिले आणि रशियाने नकाराधिकार वापरला. ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच हातात शिक्का, मग तिथे काय होणार! दोन दिवसांनी परिषदेने हा विषय आमसभेकडे, म्हणजे सगळ्या सदस्य देशांच्या सभेकडे, सोपवला. ते मतदान कामकाजाच्या पद्धतीबद्दल असल्यामुळे तिथे नकाराधिकार चालत नाही. २ मार्चला आमसभेत १४१ विरुद्ध ५ असा निकाल लागला, ३५ तटस्थ. त्यात आपणही होतो. पण आमसभेचा ठराव कोणावर बंधनकारक नसतो.

१६ मार्चला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १३ विरुद्ध २ मतांनी रशियाला लष्करी कारवाई थांबवायला सांगितलं. भारतीय न्यायाधीश दलवीर भंडारी त्या १३ जणांत होते. रशियाने तो आदेश पाळला नाही, आणि पाळायला लावणारी यंत्रणा म्हणजे पुन्हा तीच सुरक्षा परिषद.

आता काकूंचा अर्ज. नोव्हेंबर २०२२ मध्ये आमसभेने भरपाईची शिफारस केली. मतं ९४ पडली, १४ विरोधात गेली आणि ७३ देश तटस्थ राहिले. १४१ वरून ९४. निषेध करायला खूप जण होते, पैशांचा विषय आला तसे मागे सरले. त्यानंतर मे २०२३ मध्ये युरोप परिषदेने नुकसानीच्या अर्जांची ही हेगमधली नोंदवही उघडली. ती फक्त नोंद ठेवते, पैसे देत नाही. पाश्चात्त्य देशांनी रशियाचे सुमारे ३०० अब्ज डॉलर गोठवले आहेत, त्यातले बरेचसे बेल्जियममध्ये आहेत. ते उचलून देता येतात का, यावर कायद्याचा मोठा वाद आहे. काकूंना उगाच आशा लावू नका, पण अर्ज फुकट गेला असंही म्हणू नका.

ओझर_निवृत्त

मी ओझरच्या एचएएलमध्ये, म्हणजे विमान कारखान्यात, ३४ वर्षं काढली. आपण तटस्थ का राहिलो हे मला कोणी सांगायला नको. १९६२ ला चीन चालून आला, यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, आणि पुढच्या वर्षी आपल्या नाशिकनेच त्यांना लोकसभेवर बिनविरोध पाठवलं. १९६४ ला ओझरचा कारखाना उभा राहिला तो सोव्हिएत मिगसाठी. पुढे सुखोईही इथेच जुळली. सुटे भाग तिकडून यायचे थांबले तर विमान जमिनीवर राहतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

तरी एक गोष्ट मनातून जात नाही. १९६२ च्या डिसेंबरात कोलंबोत सहा देश जमले, त्यांनी तडजोडीचा प्रस्ताव काढला, पण चीनला आक्रमक म्हटलं नाही. आमचे वडील ते वर्तमानपत्र हातात घेऊन ओसरीवर कितीतरी वेळ बसून होते. आपल्याला तेव्हा जे लागलं, तेच आज त्या काकूंना लागत असणार. आपली अडचण मला कळते, पण अडचण होती म्हणून ते बरोबर ठरलं असं मी म्हणणार नाही.

जेलरोडकर

निफाडकर, तुमच्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या ट्रंकेत आहे.

मी कुवेतला हवल्लीमध्ये एसी दुरुस्तीचं काम करायचो. २ ऑगस्ट १९९०, गुरुवार. सकाळी उठलो तर गल्लीच्या तोंडाशी इराकी रणगाडा. दुकान लुटलं गेलं, चार महिन्यांचा पगार बुडाला. बसने बसरा, बगदाद, मग जॉर्डनच्या सरहद्दीवर तंबूत अकरा दिवस. पाण्यासाठी रांग, भाकरीसाठी रांग. अम्मानहून एअर इंडियाच्या विमानाने मुंबई. तेव्हा सुमारे एक लाख सत्तर हजार भारतीय असे परत आले. नाशिक रोडला उतरलो तेव्हा अंगावरचा शर्ट आणि पासपोर्ट एवढंच होतं.

नंतर परराष्ट्र खात्यामार्फत अर्ज भरायला सांगितलं. सगळे हसले. बायकोही म्हणाली, सद्दाम तुम्हाला मनीऑर्डर करणार आहे का! पुरावा म्हणून माझ्याकडे पासपोर्टावरचा जॉर्डनचा शिक्का तेवढा होता. सहा-सात वर्षं काही नाही. मग एक दिवस पत्र आलं आणि पैसेही आले, दोन हप्त्यांत. इराकच्या तेलाच्या विक्रीतून ठरावीक हिस्सा कापून संयुक्त राष्ट्रांचा आयोग ते वाटत होता. थोरलीचं लग्न त्यात झालं.

वकीलताई म्हणतात ते खरं, तेव्हाची गोष्ट वेगळी होती. इराककडे नकाराधिकार नव्हता आणि मॉस्कोनेही आडकाठी केली नाही, म्हणून त्याच दिवशी निषेधाचा ठराव आणि चार दिवसांत निर्बंध आले. पण तेही कोणाच्या जिवावर? बगदादला आमच्या बसच्या ड्रायव्हरने घरून खुबूस, म्हणजे तिकडची रोटी, आणून सगळ्यांना वाटला होता. त्याची पोरंबाळं पुढे तेरा वर्षं त्याच निर्बंधांत भरडली गेली. तो खुबूस मी विसरलेलो नाही.

इराकने शेवटचा हप्ता फेडला २०२२ च्या जानेवारीत. एकूण ५२.४ अब्ज डॉलर. २२ फेब्रुवारीला सुरक्षा परिषदेने आयोगाचं काम संपल्याचा ठराव केला. तुमच्या मुलीचा फोन त्यानंतर दोनच दिवसांनी आला.

काकूंना एवढं सांगा की कागद जपा. लाईटबिल, भाड्याच्या पावत्या, घराचे जुने फोटो, मिळेल ते. मूळ एका ठिकाणी, झेरॉक्स दुसऱ्या घरी. माझ्यासोबतच्या एका मल्याळी पोराचा पासपोर्ट तंबूत हरवला होता. आपण तिथे होतो हे पटवताना त्याच्या नाकी नऊ आले.

द्राक्षबाग_निफाड

काका, तुमचं लिहिणं मुलीने दोनदा वाचलं आणि रात्रीच काकूंना फोन लावला. त्यांच्याकडे गॅसची जुनी बिलं आहेत, आणि मुलगी राहायला आली त्या दिवशी स्वयंपाकघरात काढलेला दोघींचा फोटो आहे, मागे भिंत आणि भिंतीवर कॅलेंडर. मुलीच्या फोनमध्ये त्याची तारखेसकट मूळ प्रत निघाली. ती आज पाठवतेय.

सहा-सात वर्षं लागली हे ऐकून काकू गप्प झाल्या. त्या ६८ च्या आहेत. मग म्हणाल्या, अर्जावर मुलाचंही नाव घालता येतं का ते विचारा. वकीलताई, हे जरा बघाल का?

आणि काका, रविवारी मी माल घेऊन नाशिकला येतोय. मुलगीही सोबत आहे. चालणार असेल तर जेल रोडला येतो. ते पत्र आणि तो शिक्का बघायचा आहे, काकूंना फोटो पाठवायचा आहे.