अभ्यासिकेसाठी टॅब: किती इंची घ्यायचा?

बी-३०४ (सेक्रेटरी): नमस्कार मंडळी 🙏 सर्वसाधारण सभेत ठरल्याप्रमाणे सोसायटीच्या अभ्यासिकेसाठी दोन टॅब घ्यायचे आहेत. मंजूर रक्कम ७०,००० रुपये. काल स्टेशनजवळच्या दुकानात जाऊन आलो. दुकानदाराने पहिलाच प्रश्न विचारला, "किती इंची?" मला उत्तर देता आलं नाही. सॅमसंगचा ए-९ आहे ८.७ इंची, त्याच्या वरचा ए-९ प्लस ११ इंची, आयपॅडही ११ इंचीच सांगतात आणि वनप्लस पॅड ११.६ इंची. कुठला घ्यावा, आणि का, ते कृपया इथे लिहा. रविवारी १० वाजता कमिटीची मीटिंग आहे.

सी-२०२: मोठ्यात मोठा घ्या. सोसायटीचा खर्च एकदाच होतो.

डी-५०३: आयपॅडच घ्या साहेब. मुलं दुसऱ्या कशाकडे बघत नाहीत.

ए-१०१ (काकू): आमच्याकडे ११ इंची आहे. ह्यांना दुपारी आडवं पडून ज्ञानेश्वरी वाचायची सवय. अर्ध्या तासात मनगट भरून येतं. हातात धरायचा असेल तर मोठा नकोच.

सी-४०१ (सर): सेक्रेटरी साहेब, घाई करू नका. इंच या आकड्यावर विसंबून राहू नये. मी उद्या सविस्तर लिहितो. आज थोडी मापं घेतो.

बी-१०३: सर, तुम्ही माप घेणार म्हणजे आता नीट होणार 🙏

ए-६०२ (ताई): सर लिहीपर्यंत मी थोडं सांगते. २०११ साली मी हिंजवडीत टॅबसाठी ॲप बनवणाऱ्या टीममध्ये होते. तेव्हा हीच चर्चा आमच्याकडे रोज चालायची. आयपॅड २०१० च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत आला, ९.७ इंची, ४९९ डॉलरपासून. त्याच वर्षी सॅमसंगने ७ इंची गॅलक्सी टॅब काढला. ऑक्टोबरमध्ये ॲपलच्या स्टीव्ह जॉब्ज यांनी सांगून टाकलं की ७ इंची टॅब बाजारात येतानाच संपलेले आहेत, कारण त्यांचा पडदा आयपॅडच्या ४५ टक्केच आहे आणि त्यावर बोटं चालवायची तर ती सँडपेपरने घासून बारीक करावी लागतील.

ए-६०२ (ताई): आणि दोनच वर्षांत, ऑक्टोबर २०१२ मध्ये, ॲपलने स्वतः ७.९ इंची आयपॅड मिनी आणला. कारण मधल्या काळात ॲमेझॉनचा किंडल फायर आणि गूगलचा नेक्सस ७, दोन्ही ७ इंची, दोन्ही १९९ डॉलर, लोकांनी भराभर घेतले होते. म्हणजे ७ इंच लोकांना नको होते असं नाही. ४९९ डॉलरच्या वस्तूपुढे १९९ डॉलरची वस्तू ठेवली की लोक छोटा पडदाही आनंदाने घेतात.

डी-५०३: पण आता ७ इंची दिसतच नाहीत कुठे.

ए-६०२ (ताई): ते फोनमुळे. हल्लीचा ६.७ इंची फोन घ्या, त्याचं क्षेत्रफळ सुमारे १७ चौरस इंच. ७ इंची टॅबचं साधारण २२. एवढ्याशा फरकासाठी दुसरी वस्तू कोण बाळगेल? तेव्हाचे फोन साडेतीन-चार इंची होते, म्हणून ७ इंच मोठे वाटायचे.

बी-१०३: मी त्या काळात मोबाइलचं दुकान चालवायचो, त्यामुळे हे डोळ्यांनी पाहिलंय. ब्लॅकबेरीचा प्लेबुक आठवतो का कुणाला? ७ इंची, वस्तू मजबूत, पडदा सुरेख. पण ब्लॅकबेरी आणि त्यात स्वतःचं ई-मेल नाही! ई-मेलसाठी ब्लॅकबेरीचाच फोन जोडायचा. गिऱ्हाईक हातात घ्यायचं, कौतुक करायचं आणि परत ठेवायचं. २०११ च्या शेवटी किंमत जवळजवळ निम्म्यावर आणली, मग मात्र लोक विचारत यायला लागले.

ए-६०२ (ताई): अगदी. आणि एचपीचा टचपॅड बघा. पडदा आयपॅडच्याच मापाचा, ९.७ इंच, पिक्सेलसुद्धा तेवढेच, १०२४ गुणिले ७६८. १ जुलै २०११ ला अमेरिकेत विक्रीला आला आणि १८ ऑगस्टला कंपनीने बंद केल्याचं जाहीर केलं. दोन महिनेही नाहीत. मग उरलेला माल ९९ डॉलरला काढला तर तुटून पडले लोक. पडदा तोच, बदलली फक्त किंमत. आम्हाला तेव्हा नेमून दिलेलं काम होतं मोटोरोलाच्या झूमसाठी, तो १०.१ इंची. कागदावर आयपॅडपेक्षा मोठा. पण ८०० डॉलरला आला आणि त्याच्यासाठी खास बनवलेली ॲप बोटावर मोजण्याइतकी. फोनची ॲप ताणून मोठ्या पडद्यावर दाखवली की कशी दिसतात ते मी वर्षभर बघितलंय. त्या ॲपवर आम्ही फार जीव लावून काम केलं होतं. वाईट वाटतं अजून.

बी-३०४ (सेक्रेटरी): मध्येच एक सूचना. उद्या टाकी साफ करायची आहे, सकाळी ११ ते २ पाणी बंद राहील.

डी-२०४: विद्यार्थ्यांसाठी सरकारने आणलेला स्वस्त आकाश टॅबलेटही ७ इंचीच होता ना? मी तेव्हा इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत होतो. ऑक्टोबर २०११ मध्ये दिल्लीत पहिला आकाश जाहीर झाला तेव्हा आम्हाला खरंच वाटलं होतं की आता प्रत्येक मुलाच्या हातात पुस्तकांचं कपाट येणार. पहिल्या आकाशचा पडदा दाबाने चालणारा होता. नुसतं बोट फिरवून भागायचं नाही, नखाने दाबावं लागायचं. प्रोसेसर ३६६ मेगाहर्ट्झचा. पुढच्या वर्षी आकाश-२ आला त्यात पडदा सुधारला, प्रोसेसर १ गिगाहर्ट्झ झाला, आयआयटी मुंबईने त्यावर शिक्षकांची प्रशिक्षणंही घेतली. पण तोवर बाजारात तशाच किमतीचे बरे टॅब यायला लागले होते. माझं एवढंच म्हणणं, मुलांसाठी घेताना स्वस्त बघा, पण वाचता येईल असं घ्या.

ए-६०२ (ताई): डी-२०४ सर, तुमच्याशी १०० टक्के सहमत.

सी-३०३: माझ्या भाचीला महाज्योती या सरकारी संस्थेचा टॅब मिळाला होता नीट परीक्षेच्या तयारीसाठी. ती सांगते, व्हिडिओ छान दिसतात पण नोट्स वाचताना सारखं मोठं करून सरकवावं लागतं.

सी-४०१ (सर): शुभ प्रभात. काल रात्री बसून मापं काढली. थोडं लांब लिहितो, वाचायचा कंटाळा करू नका.

टॅबचे इंच म्हणजे कर्ण. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं तिरकं अंतर. सारख्या कर्णाचे दोन आयत वेगवेगळ्या क्षेत्रफळाचे असू शकतात हे आपण सगळे नववीत शिकलो आहोत. आयत जितका चौरसाकडे झुकेल तितकं क्षेत्रफळ जास्त, जितका लांबुळका तितकं कमी. ताईंनी सांगितलेला झूम १०.१ इंची, लांबी-रुंदी १६ला १०. जुना आयपॅड ९.७ इंची, ४ला ३. पायथागोरस लावून बघा, पहिल्याचं क्षेत्रफळ येतं सुमारे ४५.९ चौरस इंच, दुसऱ्याचं ४५.२. कर्णात जवळजवळ अर्ध्या इंचाचा फरक, आणि क्षेत्रफळ जवळपास तेवढंच.

तीच गोष्ट आयपॅड मिनीची. ७ इंची नेक्ससपेक्षा कर्ण ०.९ इंचाने मोठा, ऐकायला काहीच नाही. क्षेत्रफळ मात्र ३५ टक्क्यांनी जास्त.

आणखी एक. २०२५ च्या आयपॅडचा "११ इंची" पडदा प्रत्यक्षात १०.८६ इंची आहे, कंपनी स्वतःच तळटीपेत सांगते. २०२२ च्या मॉडेलला याच मापाच्या पडद्यासाठी १०.९ म्हणत होते.

सी-४०१ (सर): आता आपल्या मुलांचं काम काय ते बघू. मी चार दिवस अभ्यासिकेत बसून पाहिलं. मुलं क्लासच्या नोट्स, जुन्या प्रश्नपत्रिका आणि ई-बालभारतीवरची पुस्तकं वाचतात. यातलं बहुतेक सगळं ए-फोर मापाच्या पीडीएफमध्ये, म्हणजे पान २१ सेंमी रुंद. हे पान टॅब उभा धरून अख्खं दिसायला हवं. मग पान किती टक्के लहान होतं?

८.७ इंची ए-९ ची रुंदी ११.३ सेंमी. पान ५४ टक्क्यांवर येतं. मूळ अक्षर १२ पॉइंटचं असेल तर साडेसहाचं होतं. मराठीत वर वेलांट्या-मात्रा, खाली उकार, मध्ये जोडाक्षरं. साडेसहा पॉइंटला "र्‍य" आणि "ऱ्ह" ओळखताना माझा चष्मा तर सोडाच, आठवीतल्या मुलालाही डोळे बारीक करावे लागतात.

११ इंची ए-९ प्लसची रुंदी १४.८ सेंमी. ही बरोबर ए-फाइव्ह कागदाची रुंदी आहे. झेरॉक्सवाल्याकडे ए-फोरचं ए-फाइव्ह करून मागितलं की तो ७१ टक्क्यांचं बटण दाबतो, तेवढंच हे. अक्षर साडेआठ पॉइंट. वाचता येतं.

आयपॅड १५.७ सेंमी, ७५ टक्के. आणि वनप्लस पॅडचं गुणोत्तर ७ला ५ आहे, म्हणजे १.४. ए-फोरचं १.४१४. जवळजवळ कागदाचाच आकार! रुंदी १७.१ सेंमी, पान ८१ टक्क्यांवर, आणि बाजूला काही वाया जात नाही.

डी-५०३: सर, आणि व्हिडिओ लेक्चर? आमचा मुलगा तर निम्मा वेळ तेच बघतो.

सी-४०१ (सर): चांगला प्रश्न. व्हिडिओ १६ला ९ चा असतो, तिथे लांबुळका पडदा जिंकतो. आयपॅड आणि ए-९ प्लस यांत आयपॅडचं क्षेत्रफळ किंचित जास्त आहे, तरी ए-९ प्लसवर व्हिडिओ सुमारे ९ टक्के मोठा दिसतो. आयपॅडवर वर-खाली काळ्या पट्ट्या जास्त जाड. म्हणजे घरी सिनेमा-मालिका बघायला घेत असाल तर आडवा-लांब घ्यावा आणि वाचायला घेत असाल तर कागदासारखा. सारख्याच इंचांच्या टॅबांत दोन्हींत पहिला असा एकही नाही.

ए-६०२ (ताई): सर, फार सुंदर. यात एक भर घालते. अक्षर किती मोठं यासोबत किती रेखीव हेही बघायला हवं. ए-९ वर एका इंचात साधारण १७९ ठिपके, ए-९ प्लसवर २०६, आयपॅडवर २६४, वनप्लस पॅडवर २९६. पहिल्या आयपॅडवर १३२ होते. तेव्हा मराठी मजकूर टाकला की जोडाक्षरांचा गोळा व्हायचा, आम्ही फॉन्ट मुद्दाम मोठा ठेवायचो.

ए-१०१ (काकू): मग ह्यांच्यासाठी काय घेऊ? मनगटाचं काय?

सी-४०१ (सर): काकू, काकांसाठी ८.७ इंचीच बरा. ३३२ ग्रॅम भरतो. ए-९ प्लस ४८०, वनप्लस ५५२. ज्ञानेश्वरी पीडीएफमध्ये न वाचता ॲपमध्ये वाचा, तिथे अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, पान लहान होण्याचा प्रश्नच येत नाही. अभ्यासिकेत टॅब टेबलावर स्टँडला राहणार, म्हणून तिथे वजनाची चिंता नाही.

ए-१०१ (काकू): देव तुमचं भलं करो. संध्याकाळी चहाला या.

सी-२०२: मी "मोठ्यात मोठा" लिहिलं होतं ते मागे घेतो. १४.६ इंचीसुद्धा मिळतो म्हणून सांगणार होतो.

सी-४०१ (सर): तो वाईट नाही. त्याच्यावर ए-फोर पान ९४ टक्के दिसतं. पण आपल्या पैशांत तसे दोन टॅब येणार नाहीत, आणि मुलं संध्याकाळी सहा-सात जण असतात. एकापेक्षा दोन बरे.

डी-५०३: पण आयपॅड टिकतो हो. नंतर विकला तरी किंमत येते. जगात सगळ्यात जास्त तोच खपतो, काहीतरी असेलच ना त्यात?

ए-६०२ (ताई): आहेच. विक्रीत ॲपल पहिला आणि सॅमसंग दुसरा हे कित्येक वर्षं चालू आहे. टॅबसाठी नीट बनवलेली ॲप आयपॅडवर अजूनही जास्त, अपडेट वर्षानुवर्षं येतात. तो ३४,९०० ला आला मार्च २०२५ मध्ये. म्हणजे ७०,००० त दोन कसेबसे बसतात, पण स्टँड, कव्हर, पेन काहीच नाही. कव्हरशिवाय सार्वजनिक ठिकाणी टॅब ठेवू नये, हे मी अनुभवाने सांगते. आपल्याला लागणाऱ्या ॲपची यादी करा: पीडीएफ, व्हिडिओ, ई-बालभारती, शब्दकोश. यातलं एकही असं नाही जे अँड्रॉइडवर कमी चालेल. चित्रकला किंवा संगीताचा वर्ग असता तर मी आयपॅडसाठी भांडले असते.

सी-४०१ (सर): मी पुठ्ठ्याचे चार आयत कापलेत, चारही टॅबच्या खऱ्या मापाचे. प्रत्येकावर मार्चच्या गणिताच्या प्रश्नपत्रिकेचं तेवढ्याच टक्क्यांचं झेरॉक्स चिकटवलंय, ५४, ७१, ७५ आणि ८१. अभ्यासिकेच्या फळ्याशेजारी लावले आहेत. मुलांनी दीड फुटावरून वाचून ज्यावर त्रास होत नाही त्याखाली नाव लिहावं. पालकांनीही वाचावं.

डी-५०३: आत्ताच खाली जाऊन आले. ५४ चा खरंच वाचवत नाही. ७१ आणि ७५ मध्ये मला फरक कळला नाही. ८१ चा मात्र लगेच कळतो. आयपॅडचा आग्रह सोडते.

बी-१०३: दुकानाच्या अनुभवावरून एक सांगू का? खोकं उघडण्याआधी सर्व्हिस सेंटर डोंबिवलीत आहे की ठाण्याला जावं लागेल ते विचारून घ्या. मुलांच्या हातून काच फुटतेच. सुट्या काचेची किंमतही आधीच विचारा.

बी-३०४ (सेक्रेटरी): सर, ताई, सगळ्यांचे मनापासून आभार 🙏 आत्तापर्यंत पुठ्ठ्यांखाली १४ नावं आली. ८१ खाली ९, ७५ खाली ३, ७१ खाली २. ८.७ इंची बाद. वनप्लस आणि ए-९ प्लस, दोन्हींचं कव्हर-स्टँडसकट कोटेशन तीन दुकानांतून मागवतो, काचेची किंमतही लिहून घेतो.

सी-४०१ (सर): ठीक. रविवारपर्यंत पुठ्ठे तिथेच राहू द्या. डी-विंगमधली सातवीची मुलं अजून वाचायची राहिली आहेत, त्यांची उंची कमी म्हणून एक संच खाली, बाकाच्या पातळीला लावतोय.