मदत हवी आहे: लिवाला क्लबबरोबर पहिलाच मुक्काम, टायरमधली हवा आणि आईला न्यायचं की नाही

वाळूत_रुतलेला:

नमस्कार मंडळी. धागा जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

मी शारजात असतो, मूळ सातारचा. गाडी पजेरो, २०१५ ची, सेकंडहँड घेतलेली. ऑफिसातल्या एका मल्याळी मित्राच्या नादाने दोन महिन्यांपूर्वी इथल्या एका फोर बाय फोर क्लबात शिरलो आणि आत्तापर्यंत चार ड्राइव्ह केले, सगळे न्यूबी (नवशिक्या) लेव्हलचे, म्हणजे सकाळी सहाला जमायचं, छोट्या टेकाडांवरनं दोन-तीन तास गाडी नाचवायची आणि दहापर्यंत घरी येऊन पोहे खायचे. आता डिसेंबरात क्लब लिवाला, म्हणजे अबूधाबीच्या दक्षिणेकडच्या वाळवंटात चाललाय. शनिवारी पहाटे निघायचं, रात्री वाळवंटात तंबू ठोकायचे, रविवारी परत. न्यूबींचा ताफा वेगळा असेल आणि मोठ्या टेकड्या आम्हाला देणार नाहीत असं लीडने, म्हणजे ताफा नेणाऱ्याने सांगितलंय, तरी पोटात गोळा आलाय, कारण शेवटचा ड्राइव्ह.

तो होता अल बदायरला, बिग रेड नावाच्या मोठ्या लाल टेकडीच्या मागच्या बाजूला. सगळ्यांना टायरमध्ये हवा १५ पीएसआय सांगितलेली, मी १८ ठेवली. यूट्यूबवर बघितलेलं ना की हवा फार कमी केली की टायर रिमवरून सुटतो, आणि मला टायर बदलता येतो तो फक्त डांबरी रस्त्यावर. मग सकाळभरात पाच वेळा रुतलो, पाचव्यांदा एका खळग्यात, तेव्हा चिडून स्टेअरिंग पूर्ण वळवलं, ॲक्सिलरेटर दाबला आणि जे टाळायला १८ ठेवलेली तेच झालं, पुढचा डावा टायर रिमवरून सुटला. अकरा गाड्या माझ्यासाठी पाऊण तास उन्हात उभ्या. कोणी एक शब्द बोललं नाही, उलट एका पठाण काकांनी थर्मासमधला चहा पाजला, पण तो घशाखाली कसा गेला ते माझं मलाच माहीत.

दुसरा प्रश्न आईचा. ती आलीये तीन महिन्यांसाठी. वय ६६, कंबर आणि गुडघे दोन्ही कुरकुरतात. मॉल सगळे बघून झाले, आता म्हणते तू जातोस ते वाळवंट दाखव. बायको म्हणते न्यायचं नाही म्हणजे नाही, आईंना काही झालं तर तुझ्या बहिणीला फोन तूच करायचास.

तर हवा नक्की किती ठेवू, रात्रीच्या मुक्कामाला वेगळं काय लागतं आणि आईचं काय करू? शिव्या घातल्या तरी चालतील पण उत्तर द्या.

रेतीकिडा:

आधी ते नाव बदल, वाळवंटात नावाप्रमाणे होतं.

मी अबूधाबीत सोळा वर्षं आहे, त्यातली अकरा वाळूत. तू स्वतःच उत्तर लिहिलंयस, फक्त वाचलं नाहीस. टायर १५ ने सुटला नाही, तू वळवून रेस दिलीस म्हणून सुटला, आणि ते तू १८ वर करून दाखवलंस. लोक सांगतात हवा कमी केली की टायर रुंद होतो. रुंद होतो थोडासाच, मुख्य म्हणजे लांब होतो, जमिनीला टेकलेला पट्टा पुढेमागे लांबतो आणि गाडी वाळूवर तरंगते. उंटाचा पाय बघ कधी, खाली गादीसारखा पसरतो. हवा जास्त असली की चाक खणतं. म्हणजे तू भीतीने हवा ठेवलीस, हवेमुळे रुतलास, रुतलास म्हणून रेस दिलीस. एकदा कळलं की सोपं आहे, रुतल्यासारखं वाटलं त्या क्षणी पाय काढ, ब्रेक नको, रेस नको. चाकं सरळ कर आणि आलेल्या मार्गावरूनच हळू रिव्हर्स घे, दहातल्या सात वेळा निघते. नाही निघाली तर खाली उतर, फावड्याने चाकांच्या पुढची-मागची आणि पोटाखालची वाळू काढ, १० पर्यंत हवा उतरव, बाहेर ये, परत भर. १० वर असताना स्टेअरिंग हातात अंडं धरल्यासारखं धरायचं.

लिवात वाळू तुला बदायरपेक्षा मऊ लागेल, १२ ते १४ ठेव. आता एक गोष्ट जी न्यूबींना कोणी सांगत नाही. शारजाहून साडेतीन-चार तास हायवेवर पळून आलेला टायर गरम असतो, तेव्हा १४ मोजलीस तर थंड झाल्यावर ती कमी भरते. पंपावर पोचलात की आधी चहा, मग हवा. आणि रविवारी सकाळी परत मोज, कारण रात्रभर थंडीत हवा अजून उतरलेली असते आणि लोक झोपेतून उठून तसेच निघतात, मग पहिल्याच वळणावर सुटतो टायर.

चढावर गाडी दम तोडायला लागली की वळवू नकोस. अजिबात नाही. सरळ रेषेत रिव्हर्स खाली. चढावर आडवी झालेली गाडी कोलांटी खाते, आणि पजेरो काही बुटकी गाडी नाही.

मुसाफाकर:

रेतीकिडांना +१. फक्त पजेरोबद्दल थोडं. फोर बाय फोरचा सिलेक्टर नुसता फोर हायवर नको, त्याच्या पुढचा, सेंटर डिफ लॉक होणारा, म्हणजे पुढची-मागची चाकं सारखी फिरवणारा. डॅशबोर्डवर मधला दिवा लागला पाहिजे. ट्रॅक्शन कंट्रोलचं बटण दाबून बंद, नाहीतर ऐन चढावर गाडीच तुझी रेस कापते. आणि पजेरोची हनुवटी खाली आहे, उताराच्या तळाशी जोरात आलास की बंपर वाळूत घुसतो, नंबरप्लेटसकट. प्लेट हरवली की पोलीस रिपोर्ट, नवी प्लेट, अर्धा दिवस गेला. मी दोनदा केलंय.

टायरची तारीख बघ, बाजूवर चार आकडे असतात, १४२१ म्हणजे २०२१ चा चौदावा आठवडा. सेकंडहँड गाडीत स्पेअर टायर हमखास म्हातारा असतो, पासिंगला चार चाकं चकचकीत करतात आणि पाचवं विसरतात. बाकी जॅकखाली ठेवायला जाड फळी घे, नाहीतर जॅक वाळूत जातो आणि गाडी आहे तिथेच. कॉम्प्रेसर थेट बॅटरीला लावायचा घे, सिगरेट लायटरवाला लिवात दुसऱ्या टायरला मरतो.

हे मात्र लक्षात ठेव. ओढायचा पट्टा मागच्या टो बॉलला, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या गोळ्याला कधीच लावायचा नाही. ताण आला की तो गोळा तुटून तोफेसारखा उडतो, यात माणसं गेली आहेत. कंपनीने दिलेले हुकच वापर. गाडीखाली अजून काही छोट्या कड्या दिसतील, त्या जहाजावर गाडी बांधायच्या असतात, त्या ओढायच्या नाहीत. ओढताना बाकीच्यांनी पट्ट्याच्या दुप्पट लांब उभं राहायचं, मोबाईलवर शूटिंग करत जवळ यायचं नाही.

वाळूत_रुतलेला:

बापरे. टो बॉललाच लावलेला त्या दिवशी आम्ही. म्हणजे मी लावत होतो, लीडने धावत येऊन हात झटकला, तेव्हा राग आलेला त्याचा.

स्पेअरवर ३३१५ आहे :( उद्याच बघतो.

करामाची_सुगरण:

सगळे टायरवरच बोलताहेत, रात्री झोपणार कुठे ते कोण सांगणार? आम्ही तीनदा गेलोय लिवाला. दुबईत डिसेंबरात एसी लावणारी माणसं तिथे कुडकुडतात, आत वाळवंटात पहाटे तापमान दहा अंशांच्या आसपास उतरतं, कधी खालीही. आणि थंडीपेक्षा दव वाईट. सकाळी तंबू आतूनबाहेरून ओला, बाहेर ठेवलेल्या चपला, खुर्च्या, पांघरुणं सगळं पाणी पाणी, कधी कधी धुकं असं की पुढची गाडी दिसत नाही. वाळवंटात पाऊस नसला तरी वरचं आवरण लावायचंच आणि खाली फोमची मॅट, नाहीतर गार वाळू पाठीतून सगळी ऊब ओढून घेते.

टॉयलेटचा पॉपअप तंबू मिळतो, तो घ्याच, बायकांचा अर्धा ताण तिथेच जातो. लहान फावडं वेगळं ठेवा, रुतलेली गाडी काढायचं नको :) कागद पिशवीत घालून परत आणायचा. सगळाच कचरा परत आणायचा, उंट प्लॅस्टिक खातात, पोटात गोळा होऊन मरतात. कोळसे वाळूत पुरून येऊ नका, वरून विझल्यासारखे दिसतात आणि आत तासन्‌तास धगधगतात, मागनं येणाऱ्या पोराचा पाय भाजतो. लाकडं गावातून न्या. घाफच्या झाडाला हात लावायचा नाही, इथलं राष्ट्रीय झाड आहे ते.

खायचं म्हणाल तर लोक बिर्याणीचे डबे आणतात, त्यांना आणू दे. तुम्ही वांगी न्या. निखाऱ्यावर भाजून भरीत, वर कच्चा कांदा, शेंगदाण्याचं कूट, घरून केलेल्या दशम्या. मागच्या वेळी आमचा अमिराती लीड भरीत दोनदा मागून खाऊन गेला, त्याला वाटलं मुतब्बलच (अरबी वांग्याचं भरीत) आहे पण तिखट.

थारमें_थार:

आम्ही पुण्याहून थार घेऊन जैसलमेरला गेलेलो, समच्या टेकड्यांवर २२ ठेवून आरामात फिरलो. एवढं काय अवघड असतं?

रेतीकिडा:

समला तू पर्यटकांनी तुडवलेल्या टेकडीवर फिरलास, मजा आली असेल. लिवा रब अल खाली या अफाट वाळवंटाच्या काठावर आहे, तिथे तल मोरीब नावाची टेकडी तीनशे मीटरच्या आसपास उंच आहे. ये कधी, २२ ठेव, मी कॅमेरा आणतो :)

सातासमुद्रापार:

आईंबद्दल लिहितो कारण मी ही चूक केलीय. सासऱ्यांना नेलं होतं, बहात्तर वय, कंबरेचा पट्टा लावून, म्हणाले मी एसटीने पन्नास वर्षं प्रवास केलाय. टेकडीच्या माथ्यावरून उतरताना गाडी आधी आपटते आणि मग सरकते, एसटीच्या खड्ड्यासारखं नाही ते, मणक्यात उभा दणका बसतो. नंतर दोन दिवस पलंगावर. शिवाय मागच्या सीटवर उलटी ठरलेली. नेऊ नका.

मुसाफाकर:

न्यायचं आणि टेकड्यांवर न्यायचं, यात फरक आहे की. लिवातल्या मेझैरा गावातून थेट तल मोरीबच्या पायथ्यापर्यंत डांबरी रस्ता आहे, पंचवीसेक किलोमीटर, दोन्ही बाजूंना टेकड्या, मधे मधे सबखा. बायको आणि आई साध्या गाडीने त्या रस्त्याने येऊ दे. तुमच्या लीडला विचार की कॅम्प डांबरापासून जवळ लावता येईल का, बरेच क्लब बायकापोरांसाठी तसंच करतात. फक्त लिवा फेस्टिव्हलची तारीख बघून घे, त्या दिवसांत तिथे जत्रा असते.

आणि सबखा आलाच आहे तर, टेकड्यांच्या मधे पांढरट सपाट जमीन दिसेल, वाटेल चला इथे पळवू. आपल्याकडच्या खाजणासारखंच प्रकरण आहे ते, वरती मिठाची कोरडी पपडी आणि खाली चिखल. पाऊस पडून गेला असेल तर गाडी ॲक्सलपर्यंत जाते आणि ती वाळूतल्यासारखी निघत नाही. आधीच्या गाड्यांच्या चाकोरीबाहेर जायचं नाही.

जुना_गडी:

आईंना घेऊन जाच. लिवा म्हणजे नुसती वाळू नाही, खजुराच्या बागांची ओळ आहे. अबूधाबीचं सत्ताधारी नहयान घराणं इथलंच. पूर्वी इथली माणसं उन्हाळ्यात समुद्रावर मोती काढायला जायची. आईंना बागा दाखवा, सातारची बाई आहे, माती आणि पाणी बघितल्याशिवाय तिला गाव बघितल्यासारखं वाटणार नाही.

वाळूत_रुतलेला:

मंडळी, जाऊन आलो, म्हणून धागा वर काढतोय.

स्पेअर बदलला. पंपावर आधी चहा प्यायलो, मग १३ केली, लीडने गेजवर बघून नुसती मान हलवली. दिवसभरात दोनदा रुतलो, दोन्ही वेळा स्वतःच रिव्हर्सने बाहेर. बारा ते दोन मात्र वाईट गेले, दुपारचं सपाट ऊन, टेकड्यांना सावली नाही, चढ कुठला आणि उतार कुठला काही कळत नाही, सगळं एकसारखं पिवळं. एका माथ्यावर मी तसाच थांबलो, पलीकडे काय आहे दिसेना, रेडिओवर सांगितलं मला दिसत नाहीये. पलीकडे गेलेल्या गाडीच्या झेंड्याचं टोक बघून मग उतरलो. आधीचा मी तिथे लाजेने काही न बोलता गाडी पुढे घातली असती.

आई आणि बायको डांबरी रस्त्याने आल्या, कॅम्प रस्त्यापासून दीडेक किलोमीटर आत, सपाटीवर. तेवढं अंतर आईला पठाण काकांनी त्यांच्या निसान पॅट्रोल गाडीतून आणलं, ताशी वीसच्या वेगाने, अम्माजी अम्माजी करत. संध्याकाळी तिने चप्पल काढून वाळूत पाय घातले आणि म्हणाली वरून गरम आहे, खाली गार, विहिरीच्या कडेची असते तशी. भरीत तिनेच केलं, सुगरणताई, बारा वांगी पुरली नाहीत. पहाटे चारला तिला थंडी वाजली म्हणून सगळ्यांना उठवलं ते सोडा.

रविवारी सकाळी मोजली तर साडेदहा झालेली. परत १३ केली. बाजूच्या टोयोटा एफजेवाल्याने मोजली नाही, आणि पुढचं सांगायची गरज नाही, माझी फळी आणि जॅक कामाला आले.

एक राहिलंच. परत येताना शेवटच्या उतारावर हनुवटी गेली, बंपरच्या डाव्या बाजूच्या क्लिपा तुटल्यात, प्लेट वाचली. शारजा इंडस्ट्रियलमध्ये पजेरोच्या जुन्या पार्टसाठी कुठल्या बाजूला बघू? आणि एसीतून वाळू यायची थांबते का कधी?