‘एक बादली, एक बनियन, बाकी सगळं मार्केटिंग’ म्हणे!

स्विफ्टवाला_पुणे
परवा इथेच एकाने लिहिलं की गाडी धुवायला बादलीभर पाणी, जुनी बनियन आणि भांड्यांचं लिक्विड पुरतं, मायक्रोफायबर, फोम, दोन बादल्या ही सगळी पैसा जास्त झालेल्यांची नाटकं. खाली ढीगभर लोकांनी माना डोलावल्या. सोडून देणार होतो पण सोडवेना, म्हणून वेगळा धागा काढतोय, लांबलंय, वैतागलात तर स्क्रोल करा.

गाडीच्या रंगावर सगळ्यात वर जो क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर असतो तो साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या केसापेक्षाही पातळ. आणि गाडीवरची धूळ म्हणजे निम्मी वाळूच. कोरड्या धुळीवर ओली बनियन फिरवली की ती वाळू कापडात अडकते आणि आपण स्वतःच्या हाताने बॉनेटला सँडपेपर मारत बसतो. रात्री पेट्रोल पंपाच्या लाइटखाली गाडी लावा, गोल गोल कोळ्याचं जाळं दिसेल. ते जाळं कंपनीतून येत नाही, आपणच विणतो.

आता, मी कुणाला मशीन घ्या म्हणत नाहीये. उलट लोक पहिले पैसे प्रेशर वॉशरवर, म्हणजे जोराने पाणी मारणाऱ्या मशीनवर घालतात आणि मग गाडी पुसतात सिग्नलवर घेतलेल्या पिवळ्या कापडाने, माझी चिडचिड त्यावरही आहे. आधी फडकी घ्या. साबण लावायला मिट (हातमोज्यासारखं जाड फडकं) वेगळा, पुसायला ५०० जीएसएमच्या (कापडाचं चौरस मीटरमागे ग्रॅममधलं वजन) वरचा टॉवेल, चाकांना तिसरंच काहीतरी जे पुन्हा कधी बॉनेटला लागणार नाही. खाली पडलेलं फडकं थेट चाकांच्या खात्यात जमा. धुताना सुती कपड्यांबरोबर टाकू नका, सगळा कापूस चिकटतो, आणि सॉफ्टनर तर अजिबात नको, धागे बुजतात आणि कापड पाणी ओढायचं बंद होतं. मग पीएच न्यूट्रल, म्हणजे ना आम्ल ना अल्कली असा गाडीचा शाम्पू. मग दुसरी बादली, नुसत्या पाण्याची, मिट खळबळायला. मशीन सगळ्यात शेवटी, आणि नाही घेतलं तरी काही अडत नाही.

खडूस_काका
तो बनियनवाला मीच. माझं नाव घालून लिहिलं असतंत तरी चाललं असतं, मी घाबरत नाही.
२०११ ची वॅगनार आहे, दर रविवारी स्वतः धुतो, बनियननेच. रंग आहे तसाच आहे. तुम्ही ३५ मायक्रॉन मोजायला कुठे गेला होतात? आमच्या वडिलांची फियाट होती, तिला तर घरातल्या जुन्या धोतराने पुसायचे, तिला कुणी डिटेलिंग केलं नाही आणि तिची किंमतही कमी झाली नाही.

स्विफ्टवाला_पुणे
काका, वॅगनार पांढरी आहे ना? पांढऱ्यावर ओरखडे दिसतच नाहीत हो.

खडूस_काका
सिल्व्हर. बोला पुढे.

स्विफ्टवाला_पुणे
सिल्व्हरवरही सहज दिसत नाहीत. काळी घ्या, मग बोलू.

खडूस_काका
म्हणजे तुमचं बरोबर ठरावं म्हणून मी काळी गाडी घ्यायची. छान.

नवीन_नेक्सॉन
नमस्कार मंडळी, मागच्या महिन्यात गाडी आली, गडद निळी. १८०० वॉटचा प्रेशर वॉशर ऑफरमध्ये दिसतोय, घेऊ का? सोसायटीत पार्किंग आहे. कृपया मार्गदर्शन करा.

ताम्हणे_नव्हे
भांड्यांच्या लिक्विडबद्दल दोन्हीकडून फेकाफेक चाललीये. त्याने रंग जात नाही, वॅक्स जातं. वॅक्स लावलेलंच नसेल तर काय जाणार? पण कपड्यांची पावडर वापरणारे लोक पाहिलेत मी, तिचे न विरघळलेले दाणे तसेच फिरवतात. ते मात्र गुन्हा आहे.

सोसायटीचा_हमाल
मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे म्हणून बोलतो, नेक्सॉनवाल्या भावा, घ्यायच्या आधी सॉकेट बघ. पार्किंगमधलं सहा अँपिअरचं सॉकेट हिशेबाने १३८० वॉटपर्यंतच झेपतं, १८०० वॉट लावशील तर वायर तापेल, त्याला सोळा अँपिअरचं लागतं. आणि दुसरी गोष्ट म्हणजे ते सॉकेट कॉमन मीटरवर असतं. आमच्याकडे एकाने लावलं मशीन, दुसऱ्याने विचारलं बिल कोण भरणार, तिसऱ्याने रविवारी सकाळी सात वाजता आवाज होतो म्हणून तक्रार केली, आणि मीटिंगमध्ये दीड तास फक्त हेच. लिफ्टच्या दुरुस्तीचा विषय पुढच्या महिन्यावर गेला. वर सगळं पाणी टँकरचं. उन्हाळ्यात टँकरला पैसे मोजायचे आणि हे पाइप लावून टायर धुणार.

स्विफ्टवाला_पुणे
पाण्याचंच म्हणाल तर प्रेशर वॉशर मिनिटाला सहा-सात लिटर सोडतो, साधा पाइप पंधराच्या वर. ट्रिगर सोडला की बंद. पाच मिनिटं खरंच दाबून धरला तर ३५ लिटर, म्हणजे दोन बादल्या. मग उधळपट्टी कोण करतं, मशीनवाला की पाइपवाला?

मांजराकाठी
धागा वाचून गंमत वाटली. मी लातूरचा. एप्रिल २०१६ मध्ये आमच्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, साधारण ३४० किलोमीटरवरून, पहिल्या गाडीत दहा वाघिणी. त्याच्या आधी पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावली होती, भांडणं होतेत म्हणून. आमची आई तेव्हा भांडी राखेनं घासून कापडानं पुसायची, पाण्याचं नावच नको. आणि इथं दोन बादल्या का तीन बादल्या याच्यावर वाद. करा राव, चालू द्या.

स्विफ्टवाला_पुणे
याला आता काय उत्तर देणार. पण दादा, पुण्यात मी गाडी नाही धुतली म्हणून लातूरला पाणी पोचणार आहे का?

मांजराकाठी
नाही पोचणार. पण हा प्रश्न विचारायला जी बेफिकिरी लागते ना, ती नळाला रोज पाणी असलेल्यालाच परवडते.

बंगळूरवासी_मराठी
इकडे मार्च २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली तर ५००० दंड लावला होता. तेव्हा झक मारत रिन्सलेस, म्हणजे शेवटी पाणी न ओतता गाडी धुणं शिकलो. बादलीत आठ-दहा लिटर पाणी, त्यात २५६ ला १ या प्रमाणात रिन्सलेसचं लिक्विड, चार-पाच फडकी भिजवून ठेवायची, एका भागाला एक बाजू, घडी उलटायची, वापरलेलं फडकं परत बादलीत बुडवायचं नाही. वर पाणी ओतावं लागतच नाही. एका बादलीत अख्खी गाडी. चिखल असेल तर मात्र चालत नाही, आधी पाण्याने काढावाच लागतो.

खडूस_काका
म्हणजे एक बादली आणि फडकी. मी वेगळं काय म्हणत होतो?

बंगळूरवासी_मराठी
काका, बनियन नाही.

अनुजा_डोंबिवली
पाण्याचा विषय निघालाच आहे तर आमच्याकडे एक हुशार गृहस्थ आहेत, आरओचं वाया जाणारं पाणी पिंपात साठवतात आणि त्याने गाडी धुतात, वर सगळ्यांना पर्यावरणावर लेक्चर. गाडीवर पांढरे ठिपके पडलेत देवीच्या व्रणांसारखे. कुणी सांगायचं?

ताम्हणे_नव्हे
ठिपके पडणारच. आरओ चांगलं पाणी तुम्हाला देतो आणि सगळे क्षार त्या दुसऱ्या नळीत ढकलतो. येणारं पाणी ५०० टीडीएसचं (विरघळलेल्या क्षारांचं माप) असेल तर बाहेर पडतं ते त्याहून जड. पहिला चिखल काढायला वापरा, चाकांना वापरा, शेवटचं पाणी म्हणून नको. त्यापेक्षा एसीचं पाणी साठवा, हवेतलीच वाफ ती, क्षार जवळपास नाहीतच. आता पडलेले ठिपके ताजे असतील तर व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, सावलीत, थंड पत्र्यावर, आणि लगेच धुवून टाकायचं. ऊन लागून आत गेलेले असतील तर पॉलिशशिवाय निघत नाहीत.

अनुजा_डोंबिवली
एसीचं पाणी सांगते त्यांना. मग त्यावरही लेक्चर देतील.

वऱ्हाडी_बाप्पा
अरे बाप्पा, तुम्ही सावलीत म्हणता, नागपूरले मे महिन्यात सावली तरी थंड असते काय? ४५ डिग्रीत शाम्पू लावला का डोळ्यादेखत वाळते. पहाटे साडेपाचले उठा, एकेक भाग लावा, एकेक भाग धुवा, पूर्ण गाडीले फोम मारून फोटो काढत बसू नका. तो बर्फावानी फोम थंड देशातल्या लोकांसाठी आहे ना भाऊ.

नवीन_नेक्सॉन
धन्यवाद. पण १८०० वॉट की १४००?

जुनी_सिटी
तुमच्या मायक्रॉनचं सगळं खरं धरलं तरी एक सांगा, रोज सकाळी जो गाडी पुसायला येतो त्याचं काय? रविवारी दोन तास घालवून तुम्ही धुणार आणि सोमवारी पहाटे तो एक बादली घेऊन वीस-पंचवीस गाड्या पुसणार, शेवटच्या गाडीपर्यंत ते पाणी चहासारखं झालेलं असतं. माझी गाडी काळी आहे. मी एका स्टुडिओत पंचवीस हजार घालून सिरॅमिक कोटिंग (रंगावरचा कडक थर) करून घेतलं, ‘नाइन एच’ म्हणून, ओरखडा उठणारच नाही म्हणाले. नंतर कळलं की तो नाइन एच पेन्सिलीच्या कडकपणाचा आकडा आहे, वाळू त्याला भीक घालत नाही. परत गेलो तर म्हणे मेंटेनन्स वॉश आमच्याकडेच करायला हवे होते. सिरॅमिकने पाणी घरंगळतं, पक्ष्यांची घाण सहज निघते, ते मान्य. पण ते चिलखत नाही. हा गाडी पुसणारा बंद केला तेव्हापासून गाडी बरी आहे.

मांजराकाठी
वा. पंचवीस हजार घेणाऱ्या स्टुडिओला ‘नंतर कळलं’ म्हणून सोडून दिलं आणि महिन्याला पाचशे घेणाऱ्या पोराला कामावरून काढलं.

जुनी_सिटी
मी त्याचे पैसे बुडवले नाहीत. उगाच नैतिकता शिकवू नका.

मांजराकाठी
शिकवत नाही. एक बादली पाण्यात पंचवीस गाड्या पुसतो तो, कारण तुमच्याच सोसायटीने त्याला दुसरी बादली भरू दिलेली नसती. विचारा त्या हमालदादांना.

सोसायटीचा_हमाल
मला का मध्ये ओढताय? पण हो, आमच्याकडेही एकाच बादलीची परवानगी आहे. ठराव माझ्या आधीचा आहे.

स्विफ्टवाला_पुणे
हे भांडण मला अपेक्षित नव्हतं, पण उपाय साधा आहे. पुसणाऱ्याला काढू नका, त्याला म्हणा काचा, आरसे आणि नंबरप्लेट एवढंच पूस, बॉडीला हात लावू नको. दोन फडकी स्वतःची देऊन ठेवा. पैसे तेवढेच द्या. आमचा तर खूश आहे, काम निम्मं झालं त्याचं. आणि ते पिसांचे डस्टर, काठीला लावलेले, ते आधी कचऱ्यात टाका, कोरडी धूळ रोज घासण्यापेक्षा गाडी मळकी राहिलेली परवडली.

मांजराकाठी
हे मात्र बरं बोललात. पहिल्यांदाच.

पश्चिम_किनारा
तुम्ही सगळे वरून गाडी चकाकवताय. आम्ही रत्नागिरीत राहतो. खारा वारा आणि चार महिने लाल चिखल, वरच्या रंगाला विचारतो कोण. आमच्याकडे प्रेशर वॉशरचं एकच काम, गाडीखाली आणि चाकांच्या खोबणीत मारायचा. दरवाजाच्या खालच्या कडेला पाणी निघायला बारीक भोकं असतात, ती चिखलाने बुजतात, पाणी आत साठतं आणि दरवाजा आतून सडतो. बॉनेट आरशासारखं आणि दरवाजा पापडासारखा, अशा गाड्या पुण्याहून येतात आमच्याकडे विकायला. फुटभर लांबून मारा मात्र, सेन्सर आणि वायरिंगवर नाही. आणि इंजिनावर तर नाहीच नाही, वर्कशॉपवाला कितीही म्हणाला तरी.

अनुजा_डोंबिवली
दसऱ्याला सासूबाई बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढतात, वर तांदूळ दाबतात. दुसऱ्या दिवशी नवरा ते कोरडंच खरवडतो. यावर काही प्रॉडक्ट आहे का?

ताम्हणे_नव्हे
नवऱ्यावर? नाही. कुंकवावर ओलं फडकं पाच मिनिटं ठेवायचं, भिजू द्यायचं, मग उचलायचं, घासायचं नाही. पुढच्या वर्षी काचेवर काढायला सांगा, देव तोच आहे.

खडूस_काका
मुलीने माझ्या नावाने मायक्रोफायबरचं पाकीट मागवलंय, हा धागा तिनेही वाचला वाटतं. चष्मा पुसायला उत्तम आहे हे मान्य. गाडीचं रविवारी बघू. बनियन मी टाकलेली नाही.

नवीन_नेक्सॉन
ऑफर संपत होती म्हणून १८०० वॉटचाच मागवून टाकला. आता सोळा अँपिअरचं सॉकेट कुठून काढू?

सोसायटीचा_हमाल
कुठूनही काढ, कॉमन मीटरवरून नाही.