बी.फार्मच्या मुलांना कंपनीत सबंध एक वर्ष हवं का?

कोकणकडा

माझी भाची बी.फार्मच्या सहाव्या सेमिस्टरला आहे. परवा तिने विचारलं, "मावशी, चार आठवडे कंपनीत जाऊन नक्की काय शिकायला मिळतं गं?" मी म्हटलं, फारसं काही नाही. उत्तर खरं होतं, पण ते देताना मला बरं वाटलं नाही. म्हणून हा धागा.

फार्मसी कौन्सिलच्या २०१४च्या नियमांत औद्योगिक प्रशिक्षण आहे १५० तासांचं. सहावं सेमिस्टर संपल्यावर, सातवं सुरू व्हायच्या आधी, चार आठवड्यांत उरकायचं. तेही 'इष्ट' म्हणून. माझं म्हणणं असं की तिसऱ्या वर्षानंतर अख्खं वर्ष कंपनीत काढायची सोय हवी आणि त्यानंतर चौथ्या वर्षासाठी परत वर्गात यायचं.

वर्षच का? एम.फार्मचं दुसरं वर्ष मी एका कंपनीच्या फॉर्म्युलेशन विभागात काढलं. फेब्रुवारीत आमची एक गोळी सुरेख निघत होती. जुलैत तोच फॉर्म्युला, तेच मशीन, आणि गोळ्या पंचला, म्हणजे गोळी दाबणाऱ्या ठशाला, चिकटायला लागल्या. गोळीवर कोरलेलं अक्षर अर्धं गायब. आम्ही शिकलेले सगळे बाइंडर (चिकटवणारा पदार्थ), ल्युब्रिकंट (घर्षण कमी करणारा), मिक्सिंगची वेळ यावर वाद घालत बसलो. मशीनवरच्या ऑपरेटर काकांनी तपासणीसाठी काढलेलं थोडं ग्रॅन्युल, म्हणजे गोळीचा दाणेदार माल, हातमोज्यातल्या मुठीत दाबलं, मूठ उघडली आणि म्हणाले, "बघा, ढेकूळ फुटत नाही. पाणी धरलंय." वाळवल्यावर ओल मर्यादेत होती. रात्रभर थांबलेल्या मालाने ती हवेतून पुन्हा ओढून घेतली होती. मे महिन्यात चार आठवडे येऊन गेलेल्या मुलाला जुलै भेटतच नाही.

स्टॅबिलिटीचंही, म्हणजे औषध किती टिकतं या चाचणीचंही, तेच. ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेच्या चेंबरमध्ये नमुने सहा महिने ठेवतात, तिसऱ्या महिन्यात काही काढून तपासतात. चार आठवड्यांत एकही नमुना आत जाऊन बाहेर येताना दिसत नाही. पुस्तकातला आलेख पाठ होतो, एवढंच.

पाटीपेन्सिल

ताई, मी फार्मसी कॉलेजात एकोणीस वर्षं शिकवतोय. तुमची कळकळ पोचली, पण माझा ठाम विरोध आहे.

डी.फार्मला, म्हणजे फार्मसीच्या पदविकेला, ५०० तासांचं प्रशिक्षण कागदावर कधीपासून आहे. ते किती मुलं खरोखर करतात? ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून सही-शिक्का आणतात, दुकानात पाऊल न टाकता. मी असे अर्ज हातात घेतलेत. सगळ्या तारखा एकाच शाईत, एकाच हस्ताक्षरात, एकाच बैठकीत लिहिलेल्या. ५०० तास आपल्याला खरे करता आले नाहीत आणि तुम्ही वर्ष मागताय. तेही कागदीच होईल, फक्त त्या कागदाची किंमत मुलाच्या आयुष्यातलं एक वर्ष असेल.

दुसरं, आमच्या कॉलेजचा एचपीएलसी, म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र. त्यावर कापडी कव्हर आहे आणि किल्ली सरांकडे. एका वर्गात साठ मुलं आणि मशीन एक. आधी ही लाज दूर करा. मुलाने कॉलेजातच कॉलम बसवावा, मोबाइल फेजमधली, म्हणजे यंत्रातून वाहणाऱ्या द्रवातली, हवा काढावी, प्रेशर वरखाली झालं की बुडबुडा कुठे अडकलाय ते शोधावं. कॉलेजचं काम कंपनीच्या गळ्यात का घालायचं?

चिकलठाणा

माझा छोटा कारखाना आहे, चौसष्ट माणसांचा. औषध कारखान्यांसाठीच्या नियमांचं सुधारित शेड्यूल एम डिसेंबर २०२३मध्ये आलं, आमच्यासारख्यांना मुदत मिळाली ती डिसेंबर २०२५पर्यंत. एअर हँडलिंग, कागदपत्रं, पात्रता चाचण्या यांत आम्ही बुडालो होतो. अशात वीस वर्षांचा मुलगा फ्लोअरवर सोडायचा म्हणजे आधी त्याचं गाऊनिंग (स्वच्छ विभागाचे कपडे घालायला शिकणं), एसओपीचं (कामाच्या लेखी पद्धतींचं) वाचन, परीक्षा, त्याची नोंद. तो पहिल्यांदा काही करेपर्यंत दीड महिना जातो. म्हणून चार आठवड्यांच्या मुलांना आम्ही कॉरिडॉरच्या काचेतून दाखवतो. दुसरं करता येत नाही, याचं मला वाईट वाटतं.

वर्षभर राहणार असेल तर मात्र मी घेईन. दीड महिना त्याच्यावर घालवला तर साडेदहा महिने तो माझ्या उपयोगी पडेल. यात मी कोकणकडा यांच्या बाजूने आहे.

हिशेबी बाप

"उपयोगी पडेल" हा शब्द वाचून थांबलो. साहेब, राग मानू नका, पण माझी भीती नेमकी हीच आहे.

माझा मुलगा दुसऱ्या वर्षाला आहे. एक वर्ष वाढलं म्हणजे खोलीभाडं, मेस, प्रवास, आणि कॉलेजची फी चालूच. पदवीनंतर नॅट्स या सरकारी योजनेतून अ‍ॅप्रेंटिस लागला तर २०१९च्या नियमांनी पदवीधराला महिन्याला निदान ९००० रुपये ठरले आणि किमान विद्यावेतनातला अर्धा वाटा सरकार उचलतं. म्हणजे पदवी हातात असताना त्याला पैसे मिळतील आणि तुमच्या योजनेत पदवीच्या आधी तो फी भरून तेच काम करेल. त्याने वर्षभर लेबलं मोजली आणि लॉगबुकं भरली तर विचारणार कोण?

लेस्टरहून

इथे इंग्लंडमध्ये मी असं वर्ष केलंय म्हणून लिहिते. चार वर्षांची पदवी, तिसरं वर्ष कंपनीत. याला इथे सँडविच म्हणतात. मी डिसोल्यूशनवर, म्हणजे गोळी किती वेळात विरघळते ते मोजण्याच्या कामावर, होते. ९०० मिलिलिटरची भांडी, ३७ अंशांचं पाणी, ठरल्या मिनिटाला नमुना काढायचा. पहिल्या महिन्यात मी एक आकडा चुकीचा लिहिला आणि त्यावर दोनदा पेन फिरवलं. माझ्या वरिष्ठ बाई शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, एकच रेघ मार, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख, कारण. मी चूक लपवत नव्हते, पण कागदावर ती लपवल्यासारखी दिसत होती. चौथ्या वर्षी वर्गात परतल्यावर अ‍ॅनालिटिकलचं तेच पुस्तक मला वेगळं वाटलं.

हिशेबी बाप यांचा मुद्दा पैशाचा आहे, तर इथली व्यवस्था सांगते. मला पगार होता, आणि त्या वर्षी विद्यापीठाला पूर्ण कमाल फीच्या २० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही.

दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. जागा सगळ्यांना मिळत नाहीत. माझ्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांना नकार आले आणि ती सरळ शेवटच्या वर्षाला गेली. शिवाय इथे हे वर्ष मुख्यतः रसायनशास्त्र, फार्मास्युटिकल सायन्स अशा पदव्यांना असतं. फार्मासिस्ट होणाऱ्यांचं ५२ आठवड्यांचं प्रशिक्षण सहसा पदवीनंतर होतं.

औषधवाली

सगळे कारखान्याचंच बोलताय. मी मेडिकल चालवते, बी.फार्म आहे. काल एक आजोबा दोन वेगवेगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या घेऊन आले. दोन्हींवर रक्तदाबाची एकच गोळी, फक्त ब्रँड वेगळे. आजोबा आठ दिवस दोन्ही घेत होते आणि उठताना चक्कर येते म्हणत होते. हे ओळखायला मला कुठल्याही कंपनीने शिकवलं नाही. जर्मनीत फार्मासिस्टला वर्षभराचं प्रशिक्षण आहे, त्यातले निदान सहा महिने औषधाच्या दुकानात काढावेच लागतात. वर्ष द्यायचं तर असं वाटून द्या. सगळ्यांना तारापूर नि वाळूजला पाठवून दुकानातला फार्मासिस्ट कुठून आणणार?

कोकणकडा

सगळं दोनदा वाचलं. औषधवाली, तुमचं मला पूर्ण पटलं. मी कारखान्यातली असल्यामुळे माझ्या नजरेतून ते सुटलं. सहा महिने दुकान किंवा हॉस्पिटल, सहा महिने कंपनी असं चालेल. जुलै मात्र कंपनीत हवा, एवढा हट्ट ठेवते.

हिशेबी बाप, पैशाचं तुमचं बरोबर आहे. विद्यावेतन नसेल आणि फी पूर्ण असेल तर मी स्वतः भाचीला जाऊ देणार नाही. पण पदवीनंतरची अ‍ॅप्रेंटिसशिप आणि मी म्हणते ते वर्ष यांत फरक आहे. पदवीनंतर मूल वर्गात परत येत नाही. जुलैत चिकटलेली गोळी पाहून आलेला मुलगा चौथ्या वर्षी सरांना विचारेल, "सर, ग्रॅन्युल किती वेळ उघडं ठेवलं तर चालतं?" त्या प्रश्नासाठी मी वर्ष मागतेय.

पाटीपेन्सिल सर, खोट्या सह्यांचं तुम्ही लिहिलंत त्याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. म्हणून 'बंधनकारक' हा शब्द मी वापरला नाही. ज्याला हवं त्याला मिळावं, आणि नोंद बॅच रेकॉर्डसारखी त्या त्या वेळी, तिथेच, करणाऱ्याच्या हातून. पण सर, १९८६ साली मुंबईत जे.जे. हॉस्पिटलमध्ये दूषित ग्लिसरिनने चौदा रुग्ण गेले. २०२२मध्ये गांबियातल्या मुलांच्या मृत्यूंनंतर भारतात बनलेल्या खोकल्याच्या औषधांत डायइथिलीन ग्लायकॉल हे विष सापडलं. कच्च्या मालाच्या प्रत्येक पिंपातून नमुना काढायचा हे आपण वर्गात शिकवतो. आपल्या किती मुलांनी स्वतः पिंप उघडलंय?

पाटीपेन्सिल

फार थोड्या. हे मान्य करतो. ऐच्छिक असेल तर माझा विरोध सौम्य होतो, संपत नाही. ऐच्छिक गोष्ट ज्यांच्या घरी परवडते तेच घेतात आणि माझ्या वर्गात शेतकऱ्यांची मुलं जास्त आहेत. त्यांच्या विद्यावेतनाची सोय लेखी झाल्याशिवाय मी माझ्या कॉलेजात याची शिफारस करणार नाही.

चिकलठाणा

माझ्याकडून लेखी देतो. एका वर्षाला दोन मुलं, अ‍ॅप्रेंटिसला देतो तेवढंच विद्यावेतन. त्याहून जास्त मला झेपणार नाही.

कोकणकडा ताई, भाचीला यंदा चार आठवडेच मिळणार असतील तर माझ्याकडे पाठवा. काचेबाहेर उभी करणार नाही. फक्त सॅम्पलिंग रूमपुरतं गाऊनिंग, एसओपी दोन दिवसांत उरकून घेऊ आणि बाकीचे दिवस ती सॅम्पलिंग रूममध्ये आमच्या माणसाबरोबर राहील. माल येतो सकाळी साडेनऊला. पिंपावरचं लेबल आणि चलनावरचा बॅच नंबर जुळतो का हे आधी तिने वाचायचं, मग आमच्या माणसाने.