वजन उतरवण्यासाठी वनस्पतींचे अर्क: काय, किती, कसं?

गार्सिनिया (कोकमाच्या जातीचं फळ), ग्रीन टी, इसबगोल ही नावं वजनाच्या गप्पांत हमखास येतात. ती रोज हाताळणाऱ्यांना म्हटलं, नेमकं काय ते लिहा; त्यांची उत्तरं खाली.

औषधांच्या दुकानातून
बाटलीवरचे ‘गार्सिनिया ५०० मिग्रॅ’ म्हणजे सगळा अर्क. त्यातलं कामाचं आम्ल, हायड्रॉक्सिसिट्रिक ॲसिड, किती टक्के ते मागे बारीक अक्षरात असतं. ६० टक्के असेल तर गोळीत ३०० मिग्रॅ. टक्केवारी छापलेलीच नसेल तर बाटली परत ठेवा. १९९८ साली अमेरिकेत १३५ जणांवर १२ आठवड्यांची चाचणी झाली. तिथे रोज १५०० मिग्रॅ आम्ल दिलं होतं, म्हणजे अशा पाच गोळ्या. तरी औषध नसलेली हुबेहूब गोळी घेणाऱ्यांपेक्षा वजन जास्त उतरलं नाही. गिऱ्हाइकाला हे आधी सांगावं, पैसे नंतर घ्यावेत.

कोकमाच्या कामातून
गोळ्यांतलं गार्सिनिया बहुतेक वेळा केरळातलं कुडमपुळी असतं, आपलं कोकम त्याचं भावंड. हे आम्ल कोकमाच्या सालीतही आहे, पण म्हणून सरबताने वजन उतरेल हे मनातून काढा. अमृत कोकमात सालींत थरावर थर साखर भरतात, पेल्यागणिक तीच पोटात जाते. आगळात, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसात, साखर नाही, पण मीठ भरपूर. रक्तदाब असेल तर जपून. चार-पाच आमसुलं कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून कुस्करा, गाळा, जिरं घाला. बिनसाखरेचं चांगलं पेय होतं, एवढंच.

यकृताच्या रुग्णांसोबत काम करताना
ग्रीन टी पिणं वेगळं, त्याचा अर्क गोळीत घेणं वेगळं. अर्कातलं ईजीसीजी (ग्रीन टीतला मुख्य घटक) दिवसाला ८०० मिग्रॅ किंवा त्यापुढे गेलं की रक्तात यकृताची एन्झाइम्स वाढू शकतात, म्हणजे यकृताला त्रास होत असल्याची खूण, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलं. उपाशीपोटी ते रक्तात जास्त जातं, आणि ‘लवकर गुण यावा’ म्हणून लोक नेमकं तेव्हाच घेतात. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, अंगाला खाज सुटली तर गोळी त्याच दिवशी बंद करा, एलएफटी, म्हणजे यकृताची रक्ततपासणी, करून घ्या. गरोदरपणात आणि आधीच यकृताचा त्रास असेल तर हात लावू नका.

आहाराच्या सल्ल्यातून
इसबगोल अर्क नव्हे, भुसा आहे. पोट भरल्यासारखं वाटतं, चरबी वितळत नाही. सुमारे ५ ग्रॅम, पाणी पेलाभर, ढवळून लगेच प्यावं. दोन-चार मिनिटं ठेवलंत तर चमचा उभा राहील असा गोळा होतो. कोरडा भुसा तोंडात टाकला तर तो घशात फुगून अडकतो. वर आणखी पेलाभर पाणी हवंच, नाहीतर पोट साफ होण्याऐवजी गच्च होतं. थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब ठेवा.

पुन्हा दुकानातून
एक राहिलं. ‘शुद्ध आयुर्वेदिक’ कॅप्सूलने आठवड्यात भूक मेली, छाती धडधडायला लागली, झोप उडाली, तर आत सिब्युट्रामीन हे भूक मारणारं औषध मिसळलेलं असू शकतं. हृदयाला धोका म्हणून २०१० साली ते बाजारातून काढलं, पण वजनाच्या ‘हर्बल’ गोळ्यांत ते पुन्हापुन्हा सापडतं. अशी कॅप्सूल फेकू नका. बाटलीसकट डॉक्टरांकडे न्या, बॅच क्रमांक त्यावरच असतो.