अर्जात अपंगत्वाचा उल्लेख करावा, की निवड झाल्यावर सांगावे?

काठीवाला (धागालेखक)

खासगी कंपनीत अर्ज करताना अपंगत्वाचा उल्लेख करू नये, ऑफर लेटर हाती पडल्यावरच तो विषय काढावा, असे माझे मत झाले आहे. कोणाला ते चूक वाटत असेल तर त्यांनी जरूर खोडून काढावे.

मला रेटिनायटिस पिगमेंटोसा, म्हणजे दृष्टी हळूहळू नेणारा डोळ्यांचा आजार, आहे. बारावीपर्यंत फळा दिसत असे, पदवीच्या शेवटच्या वर्षी छापील अक्षर सुटले, आणि आता मी संगणकावर एनव्हीडीए हा मोफत मिळणारा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून ऐकवणारी प्रणाली) वापरून काम करतो. सॉफ्टवेअर टेस्टिंगचा चार वर्षांचा अनुभव गाठीशी आहे. गेल्या वर्षी कंपनीने आमचा विभागच बंद केला, तेव्हा मी बायोडेटात ‘दृष्टिहीन, स्क्रीन रीडरवर काम करतो’ असे स्वच्छ लिहून चाळीस ठिकाणी अर्ज पाठवले. दोन ठिकाणांहून फोन आले आणि त्यांतल्या एकाने ‘तुम्ही ऑफिसला येणार कसे?’ याखेरीज काहीही विचारले नाही. मग मी ते एक वाक्य काढून टाकले, बाकीचा बायोडेटा जसाच्या तसा ठेवला, आणि पुढच्या पंचवीस अर्जांतून नऊ बोलावणी आली. मधल्या काळात बाजारही थोडा सुधारला असेल, हे मी मान्य करतो. पण दोनाचे नऊ होण्याइतका तो सुधारला असेल, असे मला वाटत नाही.

सरकारी नोकरीत हा प्रश्न येत नाही. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने तिथे 4 टक्के जागा राखल्या आहेत आणि त्यांवर अर्ज करायचा तर प्रमाणपत्र जोडावेच लागते. खासगी क्षेत्राबाबत मात्र कायद्याचा सूर अगदी मवाळ आहे. मनुष्यबळात किमान 5 टक्के दिव्यांग असावेत यासाठी मालकांना सवलती द्याव्यात, त्याही सरकारच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत, एवढेच कलम 35 म्हणते. नोकरीच्या बाबतीत भेदभाव करू नये असे थेट बजावणारे कलम 20 तर सरकारी आस्थापनांनाच उद्देशून आहे. ज्या बाजारात नकार देणाऱ्याला कारण सांगावे लागत नाही, तिथे नकाराचे कारण आपणच बायोडेटाच्या पहिल्या पानावर का लिहून द्यावे?

भोसरीचा प्रेसवाला

माझा विरोध आहे, आणि तो अनुभवातून आलेला आहे. माझ्या प्रेस शॉपमध्ये अडतीस माणसे आहेत, त्यांतले दोघे कर्णबधिर आहेत आणि दोघेही मुलाखतीच्या दिवसापासून तसे सांगून आलेले आहेत. त्यांच्यासाठी मशिनवर दिवा लावला, शिफ्टचे निरोप फळ्यावर लिहायला सुरुवात केली. यात फार मोठा खर्च झाला नाही. तिसऱ्या एका मुलाने मात्र आपल्याला डाव्या कानाने ऐकू येत नाही हे लपवले. सहाव्या दिवशी मागे येणाऱ्या फोर्कलिफ्टचा भोंगा त्याला ऐकू आला नाही. सुपरवायझरने हाताला धरून ओढले म्हणून निभावले. त्या मुलाला काही झाले असते तर कारखाना निरीक्षकांपुढे आणि त्याच्या घरच्यांपुढे मी उभा राहिलो असतो, तो नव्हे.

तुम्ही म्हणता ऑफर लेटरनंतर सांगू. त्या क्षणी समोरच्या माणसाला पहिली गोष्ट काय कळते? तुम्हाला दिसत नाही हे नव्हे. तुम्ही ते आजवर सांगितले नाही, हे कळते. लहान धंद्यात मालक आणि कामगार रोज तोंडासमोर असतात, तिथे हे सुरुवातीलाच मनात बसले की पुढे निघत नाही.

काठीवाला

भोसरीकर साहेब, जिथे जिवाचा प्रश्न आहे तिथे लपवू नये, हे मी बिनशर्त मान्य करतो. पण माझ्या टेबलाजवळून फोर्कलिफ्ट जात नाही. शिवाय तुम्ही ज्या दोघांना घेतलेत, त्यांना घेणारे तुम्ही आहात. तुमच्या शेजारच्या गाळ्यांत ते विचारून आले होते का आणि तिथे काय उत्तर मिळाले, हे एकदा त्यांनाच विचारून पाहावे, अशी विनंती आहे.

ठाणेकरीण

मी चौदा वर्षे एचआरमध्ये आहे. बायोडेटात ‘दृष्टिहीन’ हा शब्द दिसताच तो कागद वाईट हेतू नसतानाही ‘नंतर बघू’च्या ढिगात जातो, आणि तो ढीग पुन्हा कोणी उपसत नाही, हे मी पाहिले आहे. एकदोनदा मीही तसे केले आहे. त्यामुळे काठीवाला यांच्या आकड्यांचे मला आश्चर्य वाटत नाही.

तरीही त्यांचा निष्कर्ष मला पटत नाही, कारण आजकाल मुलाखतीच्या आधी ऑनलाइन चाचणी असते. तिच्यात चित्रे उचलून जागेवर ठेवायची असतात, घड्याळ उलटे धावत असते आणि स्क्रीन रीडरला अर्धी बटणे वाचताच येत नाहीत. तिथे उमेदवार नापास झाला तर यादीत फक्त गुण दिसतात. बटण वाचता आले नाही हे कोणालाही कळत नाही. आधी सांगितलेच नसेल तर तक्रार तरी कशाच्या आधारावर करणार? सरकारी लेखी परीक्षांत तासाला किमान 20 मिनिटे जादा वेळ आणि लेखनिक मिळतो तो मागितल्यामुळे. यूपीएससीच्या उमेदवाराला लेखनिक नाकारल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये स्पष्ट केले की अशी वाजवी सोय मागण्यासाठी 40 टक्के अपंगत्वाची अट लावता येत नाही. सोय हा हक्क आहे. पण हक्क मागायचा तर तोंड उघडावे लागते.

म्हणून माझ्या मते खरा प्रश्न केव्हा सांगावे हा नसून कोणाला आणि कोणत्या शब्दांत सांगावे हा आहे. बायोडेटात लिहू नका. चाचणीचे बोलावणे आले की त्याच पत्राला उत्तर देऊन आपल्याला काय लागते ते लिहा, आजाराचे नाव सांगू नका. ‘मला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे’ हे वाचून आम्ही गूगल उघडतो आणि घाबरतो. ‘चाचणी स्क्रीन रीडरवर चालणारी असावी आणि तासाला वीस मिनिटे जादा मिळावीत’ हे वाचून आम्ही संबंधित माणसाला फोन लावतो.

आणखी एक. 2016 च्या त्याच कायद्याच्या कलम 21 प्रमाणे खासगी आस्थापनेनेही समान संधी धोरण जाहीर करायचे असते, आणि 2017 च्या नियमांप्रमाणे वीस किंवा अधिक कर्मचारी असतील तर त्यात कोणती पदे योग्य आहेत, कोणत्या सोयी आहेत, संपर्क अधिकारी कोण, हे सगळे यायला हवे. (भोसरीकर साहेब, अडतीस म्हणालात; तुमचे धोरण लावले आहे का?) अर्ज करण्यापूर्वी ते धोरण मागा. ते मिळाले तर सांगायला जागा आहे असे समजा, आणि कंपनीने टोलवाटोलवी केली तर काठीवाला म्हणतात तसे वागा.

भोसरीचा प्रेसवाला

नाही लावले. असे काही असते हे आज कळले. उद्या आमच्या सीएला विचारतो, त्यालाही ठाऊक नसणार.

तीनचाकी

तुमची ही चर्चा वाचताना मला थोडे हसू येते, कारण सांगावे की सांगू नये हा पर्याय मला कधी मिळालाच नाही. पोलिओमुळे मी दारातून आत येण्याआधी माझी कुबडी आत येते. मात्र न सांगण्याचा एक तोटा मला ठाऊक आहे. एका मुलाखतीला कळवल्याशिवाय गेलो, कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दोन शिपायांनी खुर्चीसकट उचलून वर नेले. मुलाखत चांगली झाली असावी, पण मला तिच्यातले एकही उत्तर आठवत नाही; जिन्याच्या वळणावर एक शिपाई ‘जरा दमाने’ म्हणाला, तेवढे आठवते. त्यानंतर मी आधी फोन करून जिन्यांची चौकशी करतो, आणि नकार यायचा तो घरी बसल्या येतो.

स्पष्टवक्ता

मला वेगळाच मुद्दा मांडायचा आहे. 2024 मध्ये एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांवरून केवढे वादळ उठले, ते सर्वांनी पाहिले. अशा वातावरणात उमेदवारांनी ‘आम्ही सोयीने सांगू’ म्हणणे समाजाला कसे पटेल? उलट सर्वांनी सुरुवातीलाच युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र) पुढे ठेवावे आणि मालकाने त्याची पडताळणी करावी, म्हणजे खऱ्यांवर अन्याय होणार नाही.

तीनचाकी

खोटे कागद करून लाभ घेणाऱ्याला याच कायद्याच्या कलम 91 खाली दोन वर्षांपर्यंत कैद आहे. ती त्यांना जरूर द्या. पण काठीवाला कोणतीही राखीव जागा मागत नाहीत, ते खुल्या स्पर्धेत उतरत आहेत. जिथे अपंगत्वाचा लाभच घेतलेला नाही, तिथे पडताळणी कशाची करणार?

एक आई

इथे सगळे दिसणाऱ्या किंवा मोजता येणाऱ्या अपंगत्वाविषयी लिहीत आहेत, म्हणून भीत भीत लिहिते. माझ्या मुलीला बायपोलर आजार आहे. 2016 च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीसवर नेले आणि मानसिक आजाराला राखीव जागांतही स्थान दिले, तेही स्वमग्नता, बौद्धिक अपंगत्व, अध्ययन अक्षमता आणि बहुविकलांगता या सर्वांबरोबर मिळून 1 टक्क्यात. डॉक्टर म्हणाले, प्रमाणपत्र मिळू शकेल. आम्ही घेतले नाही. ते कार्ड एकदा काढले की लग्नापासून घरभाड्यापर्यंत कुठे कुठे पुढे येईल, या भीतीने नाही घेतले.

ती एका लेखापालाच्या कार्यालयात काम करते आणि तिच्या नोंदी चोख असतात. वर्षातून एखादे वेळी तिला दोनतीन आठवडे रजा लागते. तेव्हा आम्ही टायफॉइड सांगतो, कावीळ सांगतो. ठाणेकर ताई म्हणतात की आजाराचे नाव सांगू नका, गरज सांगा. तिची गरज काय म्हणून सांगू? ‘कधीतरी, केव्हा ते माहीत नाही, तीन आठवडे’ ही गरज ऐकून कोणता मालक नेमेल? काठीवाला यांनी ऑफर लेटरनंतर सांगावे म्हटले आहे. आम्ही तर नंतरही सांगत नाही, आणि खोटे बोलण्याचे ओझे तिच्यावर असते ते वेगळेच.

ठाणेकरीण

ताई, माझ्याकडे याचे प्रामाणिक उत्तर नाही. माझ्या कंपनीत सांगा, असेही मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. एवढेच सुचवते की रजेचे कारण म्हणून खोटे आजार सांगण्याऐवजी ‘जुने दुखणे आहे, उपचार सुरू आहेत’ एवढ्यावर ठेवावे. टायफॉइड दरवर्षी होत नाही आणि लोक मोजत असतात.

काठीवाला

सर्वांचे वाचले. जोखमीच्या कामात लपवू नये, हे भोसरीकर साहेबांचे म्हणणे मी आधीच मान्य केले आहे. परंतु विश्वासाचा त्यांचा मुद्दा मला अजूनही एकतर्फी वाटतो. खरे सांगून काय होते, याचे उदाहरण उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांचे आहे. नागरी सेवा परीक्षेच्या 2016 मध्ये लागलेल्या निकालात त्या 773 व्या आल्या, अंध असल्याचे सर्व कागदोपत्री होते, तरी रेल्वेच्या लेखा सेवेने त्याच कारणावरून त्यांना नाकारले. पुढच्या वर्षी 124 वा क्रमांक मिळवून त्या आयएएस झाल्या. राखीव जागा आणि कायदा पाठीशी असूनही जर हे घडते, तर आमच्यासारख्यांकडून आधी विश्वास दाखवण्याची अपेक्षा का?

आणि पुन्हा पुन्हा नकार पचवणे सर्वांना जमत नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 2018 मधल्या फेरीत पंधरा वर्षांवरील दिव्यांगांचा बेरोजगारी दर 4.2 टक्के निघाला. ऐकायला तो चांगला वाटतो. पण त्याच पाहणीत श्रमबाजारात असलेले, म्हणजे काम करणारे किंवा शोधणारे, मिळून 23.8 टक्केच होते. त्यांत म्हातारपणामुळे घरी बसलेले अनेक असतील. तरीही ज्याने शोधणेच सोडले तो बेरोजगारांत मोजला जात नाही, आणि असे माझे तीन मित्र तरी आहेत.

मात्र ठाणेकर ताईंच्या चाचणीच्या मुद्द्यावर माझी चूक झाली, हे कबूल करतो. मला आलेल्या नऊ बोलावण्यांपैकी चार चाचण्यांत मी अडकलो होतो, आणि मी ते माझ्या तयारीत कमी पडल्याचे समजत होतो. येत्या गुरुवारी पुण्यातील एका कंपनीची चाचणी आहे. काल ताईंच्या शब्दांत दोन ओळींचे पत्र पाठवले, आजाराचे नाव लिहिले नाही. आज दुपारी उत्तर आले: जादा वेळ मंजूर आहे, परंतु चाचणी बाहेरची संस्था घेते आणि ती स्क्रीन रीडरवर चालते का, हे त्यांनी कधी तपासलेले नाही. मी परत लिहिले आहे की हवे असल्यास बुधवारी मीच तपासून देतो. तसेही अर्ज टेस्टरच्याच जागेसाठी आहे.