मदत हवी आहे: पेरूजात होस्ट फॅमिलीकडे राहतेय, सूपाबद्दल सिन्योरांना कसं सांगू?

नमस्कार मंडळी,

मी सांगलीची. इटालियन शिकायला तीन महिन्यांसाठी पेरूजाला आलेय, त्यातले पाच आठवडे संपले. एका कुटुंबाकडे राहते. घरात सिन्योरा (म्हणजे घरच्या बाई, वय ६८), त्यांचा मुलगा आणि एक म्हातारी मांजर. नाश्ता आणि रात्रीचं जेवण त्यांच्याकडेच. घर खाली स्टेशनाजवळ, शाळा वर टेकडीवरच्या जुन्या शहरात. मिनीमेट्रोच्या ड्रायव्हर नसलेल्या छोट्या डब्यात बसून पिंचेत्तोला उतरायचं, पुढे चालत. एकपर्यंत वर्ग, मग कॅथीड्रलच्या पायऱ्यांवर बसून गृहपाठ. साडेआठला जेवण.

भाषा बरी चाललीय. मराठीचा इतका उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. 'सोनो आंदाता' म्हणजे 'मी गेले', मुलगा असेल तर 'सोनो आंदातो', 'मी गेलो'. 'लो मांजाता' म्हणजे 'ती खाल्ली', खाणारा कोणी का असेना. वर्गातल्या इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना हे घोकावं लागतं, मला कानाने कळतं. इथलं परदेशी विद्यार्थ्यांचं विद्यापीठ १९२१पासून आहे, त्यामुळे गावाला आमच्यासारख्यांच्या मोडक्या बोलण्याची सवय आहे. बेकरीतल्या बाईसुद्धा वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबतात.

आता अडचण. मी शाकाहारी आहे (अंडं चालतं). घर शोधून देणाऱ्या मध्यस्थाच्या फॉर्मवर तसं लिहिलं होतं, पण ते सिन्योरांपर्यंत पोचलंच नव्हतं. म्हणून पहिल्या दिवशी मीच 'सोनो वेजेतारियाना' म्हटलं. त्यांनी मान डोलावली, आणि तेव्हापासून माझ्या ताटात मांसाचा तुकडा कधी आला नाही. आठवड्यातून दोनदा फार्रोचं सूप असतं. फार्रो म्हणजे आपली खपली! आमच्याकडे आजी खपलीची खीर करते, त्यामुळे पहिला चमचा तोंडात गेला आणि मला भरून आलं. दोनदा मागून घेतलं, 'बुओनिस्सिमा' म्हटलं. त्यांना इतका आनंद झाला की तेव्हापासून ते सूप माझ्यासाठीच होतं.

तिसऱ्या आठवड्यात भांडी आवरताना पातेल्याच्या तळाशी हाड दिसलं. विचारलं तर म्हणाल्या, प्रोश्युत्तोचं (डुकराच्या खारवलेल्या मांडीचं) हाड, चवीसाठी घालतात, वाढताना काढते, त्यात मांस नाही. त्यांनी माझ्यापासून काही लपवलं नव्हतं. त्यांच्या दृष्टीने ते शाकाहारीच होतं.

मी काहीच बोलले नाही. त्या रात्री खूप रडले. तेव्हापासून सूपाच्या दिवशी 'भूक नाही' म्हणते आणि ब्रेड-सॅलडवर भागवते. इथला ब्रेड बिनमिठाचा. (सिन्योरा सांगतात की १५४०मध्ये पोपने मिठाचा भाव वाढवला, शहराने बंड केलं, तेव्हापासूनचा हा ब्रेड.) परवा त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. काल मुद्दाम पुन्हा तेच सूप केलं, मला बरं वाटावं म्हणून.

त्यांना वाईट न वाटता हे कसं सांगू? इतके दिवस गप्प का होतीस, याला काय उत्तर देऊ? आणखी एक, त्या सारखं 'दाम्मि देल तू' म्हणतात, म्हणजे मला 'तू' म्हण. मला जमत नाही, मी 'लेई'वरच (आपल्या 'तुम्ही'वर) आहे. त्यामुळेही बोलणं अडतंय का?

प्रतिसाद १

अगं, मी बोलोन्यात सात वर्षं आहे. 'वेजेतारियाना' या एका शब्दावर इथे विसंबायचं नाही. जुन्या पिढीला तो 'ताटात मांस नको' एवढाच ऐकू येतो. यादी सांग: 'नॉन मांजो ने कार्ने, ने पेशे, ने ब्रोदो दि कार्ने', म्हणजे मी मांस, मासे, मांसाचं पाणी यातलं काहीच खात नाही. दादो म्हणजे सूपाची वडी, तिचं वेष्टन वाच. तोर्ता आल तेस्तो या तिकडच्या चपट्या भाकरीत कधी कधी स्त्रुत्तो (डुकराची चरबी) असते. पार्मिजानो चीज वासराच्या रेनेटने (पोटातल्या, दूध फाडणाऱ्या द्रव्याने) करतात, ते चालवायचं की नाही हे आधी तुझं तू ठरव.

जेवणाच्या टेबलावर सांगू नकोस, वाढलेलं नाकारल्यासारखं होतं. सकाळी कॉफीच्या वेळी सांग. आणि नुसतं 'नको' न म्हणता 'एके दिवशी मी करू का?' असं विचार.

प्रतिसाद २

पोरी, 'तू'चं एवढं ओझं कशाला? आपण काकूंना, सरांना 'तुम्ही' म्हणतो, पण आईला आणि आजीला 'तू'च म्हणतो ना? त्या बाई तुला तिथे बोलावताहेत.

आणि पेरूजाजवळच्या त्राझिमेनो तळ्याकाठची फाजोलिना बाजारात शोध. ती बारीक चवळीच आहे. उसळ होईल.

धागाकर्तीचा प्रतिसाद

खूप आभार दोघांचे. 'आजीला तू' हे वाचून मी बराच वेळ नुसती बसून राहिले.

आज सकाळी बोलले, 'तू' म्हणूनच. यादी सांगितली. हाडाचंही सांगितलं, आणि सूप खरंच आवडलं होतं म्हणून सांगायला जीभ रेटली नाही, हेही. तिचा चेहरा पडला. म्हणाली, 'पहिल्या दिवशीच का नाही बोललीस?' मी म्हटलं, तेव्हा माझ्याकडे एवढे शब्द नव्हते. थोडा वेळ ती बोललीच नाही. मग उठून फ्रीजमधलं उरलेलं सूप मुलाच्या डब्यात भरलं, गाजर, कांदा आणि सेलरी पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, चिर. बिनहाडाचं सूप आम्ही दोघींनी मिळून केलं. चव थोडी कमी पडली, असं तिनेच सांगितलं. पुढच्या वेळी टोमॅटो आणि रोझमेरी जास्त घालून बघणार आहे.

रविवारी उसळ मी करणार. फाजोलिना मिळाली, चांगलीच महाग आहे. मोहरी, हळद आणि गोडा मसाला आईने बरोबर दिलाय, हिंग मात्र नाही. त्याऐवजी लसूण घातला तर चालेल का? आणि एवढ्या बारीक दाण्याला रात्रभर भिजवायची गरज आहे का, कोणी सांगेल?